मलावीतलं मोतीबिंदू शिबीर : पथक निघून गेल्यावर डोळा कोण बघतं?

थिएटर_सिस्टर (लातूर)

नमस्कार मंडळी.

माझी सगळी नोकरी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, आधी अंबाजोगाईला आणि नंतर लातूरला. निवृत्तीनंतर एका सेवाभावी पथकाबरोबर आफ्रिकेतल्या मलावीला मोतीबिंदूच्या शिबिरासाठी जाऊन आले. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग सिस्टर, कसं वाटलं?" आणि त्याला ऐकायचं असतं की धन्य झाले. पट्टी सोडल्यावर म्हाताऱ्या हसल्या, नाचल्या, हात धरून रडल्या. ते सगळं झालं, खोटं कशाला बोलू. त्याचे फोटो पथकातल्या प्रत्येकाने टाकलेत, ते बघा. मला जे लिहायचंय ते त्या फोटोंत नाही.

आधी थोडं ठिकाणाबद्दल. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लिलाँग्वे आणि पुढे गाडीने एका जिल्ह्याच्या गावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका. आपल्याकडे सोयाबीन पसरलंय तसा तिकडे मका, आणि दोन्ही वेळच्या ताटात त्याच्याच पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा, सोबत पालेभाजी किंवा मलावी सरोवरातली मासळी. मला आवडला. पथकातले निम्मे लोक मात्र घरून नेलेल्या धपाट्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवरच होते. माणसं शांत, फार अदबीने बोलणारी. दवाखान्याच्या आवारात नातेवाईक चुली मांडून बसलेले. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याच्या किंवा अंबाजोगाईच्या आवारात ज्याने रात्र काढलीय त्याला काही नवं वाटणार नाही.

आता मुद्दा. आम्हाला इथे सांगितलं होतं की "तिकडे डॉक्टरच नाहीत." अर्धं खरं आहे. डोळ्यांचे एमएस झालेले डॉक्टर फार थोडे, आणि तेही ब्लँटायर-लिलाँग्वेसारख्या मोठ्या शहरांत. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात क्लिनिकल ऑफिसर असतात. एमबीबीएस नाही, तीन वर्षांची पदविका, वर एक वर्ष इंटर्नशिप. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांत सिझेरियनसुद्धा मुख्यतः हीच माणसं करतात. त्यातले काही जण पुढे डोळ्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतात. आम्ही गेलो तिथे असाच एक ऑफिसर होता. पहिल्या दिवशी आमच्या सरांनी त्याला "असिस्ट करा" म्हणून बाजूला उभं केलं. दुसऱ्या दिवशी एक सर पोट बिघडून झोपले म्हणून त्याला टेबल मिळालं. बिनटाक्याची छोट्या छेदाची शस्त्रक्रिया, पिकून दगड झालेला मोतीबिंदू, आणि त्या माणसाचा हात! टनेल, म्हणजे मोतीबिंदू बाहेर काढायचा तिरका छेद, असा बेताचा की बघत राहावं. इतकी वर्षं ट्रॉलीशी उभी राहिलेय, हात ओळखता येतो मला.

त्याच्याकडे एक जाड वही होती. नाव, गाव, गावच्या मुखियाचं नाव, शेजारच्याचा फोन नंबर, कोणता डोळा, नजर किती, प्रेशर किती, साखर किती. आमच्यासमोर रांगेत बसलेले पेशंट काही बॅनर बघून आले नव्हते. त्याने कित्येक महिने गावोगाव फिरून ते वहीत गोळा केले होते. आमच्या अहवालात त्या वहीचा उल्लेख नाही. "पथकाने तपासलेले रुग्ण" असं छापलंय.

आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. उभा, जुना, ग्रामीण रुग्णालयात असतो तसा ऑटोक्लेव्ह. १२१ अंश, १५ पौंड दाब, वीस मिनिटं हा झाला नुसता धरून ठेवायचा वेळ. त्याआधी तापायचा, नंतर वाफ सोडायची, हत्यारांचे सेट सुकवायचे. एक फेरी तासाच्या आत होतच नाही. मध्येच लाईट गेली की जनरेटर लावेपर्यंत काटा खाली, मग पुन्हा पहिल्यापासून. आमचे आणि त्यांचे मिळून सेट आठ. यावरून दिवसाला किती केसेस होतील ते कोणीही सांगेल. पण आकडा आमच्या पथकाने इथूनच ठरवून नेला होता, देणगीदारांना सांगूनही झाला होता.

दुपारी पथकप्रमुख म्हणाले, "सिस्टर, मधल्या केसेसना सेट ग्लुटारल्डिहाइडमध्ये दहा मिनिटं बुडवून द्या." मी म्हटलं, जमणार नाही. त्या द्रावणात जंतू पूर्ण मरायला दहा तास लागतात, दहा मिनिटांत नाही. शिवाय कॅन्युलात, म्हणजे डोळ्यात घालायच्या बारीक नळीत, थेंबभर जरी राहिलं तरी डोळा आतून भाजतो. सरांनी आवाज चढवला. तेव्हा तो ऑफिसर, तोवर एक शब्द न बोललेला, शांतपणे म्हणाला की इथे तसं करत नाहीत, आणि डोळा बिघडेल तेव्हा तुम्ही विमानात असाल. विषय संपला. त्या दिवशीचा आकडा पडला.

शेवटच्या दिवशी बरेच पेशंट ऑपरेशनविना राहिले. त्याने एकेकाला जवळ बोलावून वहीत तारीख घातली. तो दर आठवड्याला करतो ऑपरेशनं, सामान असेल तेवढी. त्याच्याकडे हात होता, पेशंट होते, टेबल होतं. नव्हतं ते व्हिस्को (ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरायचं जेल), ब्लेड, भिंगं आणि मायक्रोस्कोपचा बल्ब. तो बल्ब उडाला म्हणून त्याच्या आधीच्या कित्येक याद्या रद्द झाल्या होत्या. आमच्या सामानात ब्लेझर होते, मोमेंटो होते, बॅनरचे तीन आकार होते. बल्ब नव्हता.

परत आल्यावर आठवडा व्हायच्या आत त्या ऑफिसरने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. लाल डोळा, बुबुळामागे खाली पांढरी रेघ. पू. आमच्यापैकी कोणी केलेली केस. त्याने त्या पेशंटला स्वतःच्या पैशाने लिलाँग्वेला पाठवलं. डोळा काढावा लागला नाही, पण नजर फारशी उरली नाही. असा जंतुसंसर्ग कुठल्याही चांगल्या थिएटरमध्ये होऊ शकतो, तो का झाला हे मी सांगू शकत नाही. पण तो दिसतो दोन ते सात दिवसांत. आमची परतीची तिकिटं त्याच आठवड्यातली होती.

मी नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडेही झेडपीच्या शाळेत बाकं जोडून शिबिरं होत. पूर्ण भिंग काढायचं, टाके घालायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून म्हाताऱ्याला आठवडाभर उताणं झोपवायचं आणि शेवटी जाड भिंगाचा चष्मा द्यायचा. तो चष्मा हरवला की माणूस पुन्हा आंधळा. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा प्रकल्प सात राज्यांत आला, त्यात महाराष्ट्र होता. तेव्हापासून हळूहळू शाळेतली शिबिरं बंद झाली. गावात फक्त तपासणी, ऑपरेशन पक्क्या थिएटरमध्ये, पेशंटला गाडीने आणा आणि गाडीने सोडा. हे आपण डोळे गमावून शिकलोय. मग आपल्या जिल्ह्यात बंद केलेली पद्धत आपण विमानात घालून दुसऱ्यांच्या देशात का नेतो?

कोणी अशा पथकाबरोबर गेलं असेल तर लिहा. न गेलेल्यांनीही लिहा.

---

बालाघाटी

सिस्टर, लेख पटला पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. मलावीला जायचंच कशाला? बीड जिल्ह्यात काय सगळं आलबेल आहे? ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून २०१९ ला केवढा गदारोळ झाला, समिती बसली. कारखान्याच्या उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत बाळंत होणाऱ्या बाईला कोण डॉक्टर जातोय? एका माणसाच्या विमानाच्या तिकिटात आमच्या तांड्यावर किती तपासण्या झाल्या असत्या, याचा हिशोब करायलेत का कोणी? परदेशात गेलं की फोटो येतो, पाटोद्याला गेलं की धूळ येते. एवढंच आहे ते.

---

इंटर्न_घाटी

सिस्टर, भारी लिहिलंय. ग्लुटारल्डिहाइडचा किस्सा आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मोठ्याने वाचून दाखवला, आमच्या सिस्टर एवढ्या खूश झाल्या की चहा पाजला.

मला जायची इच्छा आहे. पीजी झाल्यावर. रजिस्ट्रेशन वगैरे काय लागतं, की असंच जाता येतं? एका सीनिअरने सांगितलं की "शिबिराला कोण विचारतं."

---

थिएटर_सिस्टर (लातूर)

@इंटर्न_घाटी, त्या सीनिअरला विचारा की उद्या मलावीचा एखादा डॉक्टर येऊन परळीला बिनपरवाना पोट उघडायला लागला तर चालेल का. परवाना लागतो. डॉक्टरांना मलावीच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, आम्हाला तिथल्या नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलची. त्यासाठी इथल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट, पदवीच्या नोटरी केलेल्या प्रती. वेळ लागतो, आधीपासून लागा.

पिवळ्या तापाची लस घ्या, निघायच्या किमान दहा दिवस आधी. मलावीत तो ताप नाही म्हणून आमच्यातले एक जण घेणार नव्हते. पण विमान इथिओपियातून जातं, आणि परत येताना मुंबईला कार्ड मागतात. कार्ड नाही तर क्वारंटाइन. ही लस गल्लीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळते. आपल्याकडून बहुतेकांना त्यासाठी पुण्या-मुंबईची चक्कर पडते. मलेरियाच्या गोळ्या सुरू करा आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. आल्यावर बंद करतात आणि मग महिन्याने थंडी वाजते. सरोवरात पोहू नका, पाणी कितीही निळं दिसलं तरी. गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया नावाचा जंतांचा आजार आहे त्यात.

@बालाघाटी, तुमच्यावर वेगळं लिहिते. घाईत नको.

---

किल्लारी९३

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. पथक ज्यांच्याकडे येतं त्या बाजूने.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला घरं आली अंगावर. दगड-मातीची माळवदाची घरं, छतावर हातभर माती. मी शाळेत होतो तेव्हा. बाकीचं लिहीत नाही, इथल्या बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी गेलंय.

त्यानंतर जे लोक आले त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, हे आधी सांगतो. लष्कर आलं, देशभरातून डॉक्टर आले, परदेशातूनही आले. रात्रंदिवस काम केलं त्यांनी. पण दीड-दोन महिन्यांनी काय झालं ते सांगतो. माझ्या चुलत्याच्या मांडीला प्लास्टर घातलं होतं. घालणारे डॉक्टर कोणत्या राज्याचे हेसुद्धा कोणाला माहीत नाही. कागद नाही, चिठ्ठी नाही. ते कधी काढायचं, कोणी काढायचं? तंबू तर उठून गेलेला. शेवटी सोलापूरला नेलं, तोवर हाड वाकडं जुळलेलं. चुलता आजही लंगडतो, आणि आजही त्या डॉक्टरला देवमाणूस म्हणतो. दोन्ही खरं आहे.

कपड्यांचे ढीग पण आठवतात. ट्रकच्या ट्रक. स्वेटर, कोट, पार्टीतले फ्रॉक. बाया ते पोतेऱ्याला वापरायच्या.

टिकलं ते वेगळंच. भूकंपाच्या आगेमागे धाराशिवकडच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं राहिलं, गावातल्याच बायांना शिकवून 'भारतवैद्य' केलं त्यांनी. ती बाई गावातच असते, रात्री दार वाजवलं तरी उठते.

---

डॉ_मांजरा

नेत्रशल्यचिकित्सक आहे, दोन-तीन देशांत शिबिरांना गेलोय, त्यामुळे मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो असं समजा.

सिस्टरांच्या निर्जंतुकीकरणाच्या मुद्द्यावर काही बोलायचंच नाही, ते शंभर टक्के. पण एक बाजू राहिली. ज्या ठिकाणी असा क्लिनिकल ऑफिसरही नाही तिथलं काय? २०१५ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने मांडलंय की जगातल्या ५ अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया मिळत नाही. दोन्ही डोळ्यांनी आंधळा माणूस "आधी व्यवस्था उभी राहू दे" म्हणून दहा वर्षं थांबू शकत नाही. त्याच्यासोबत एक पोरगं शाळा सोडून काठी धरून फिरत असतं. आकडा हा शब्द इथे शिवीसारखा वापरला जातोय, पण मोतीबिंदूत आकडा म्हणजे माणसं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं आणि आकड्याच्याच जोरावर स्वस्त झालं. त्यांच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगं देशात बनवली म्हणून तर सिस्टरांच्या पथकाला ती सोबत नेणं परवडलं.

फरक इतकाच की अरविंदचा आकडा एकाच छताखाली, त्याच माणसांचा, रोजचा असतो. पाहुण्याचा आकडा वेगळा.

तांत्रिक दोन गोष्टी. एक, डोळ्याची लांबी न मोजता सगळ्यांना २१-२२ नंबरचं भिंग बसवून येणारी पथकं मी पाहिली आहेत. ए-स्कॅन आणि केराटोमीटर ही डोळा मोजायची यंत्रं नेणार नसाल तर घरी बसा. दोन, वर्ष-दोन वर्षांनी काहींच्या भिंगामागचा पडदा धुरकट होतो. आपल्याकडे याग लेसरचं पाच मिनिटांचं काम. तिथे त्या जिल्ह्यात लेसर नसेल तर पेशंटला वाटतं मोतीबिंदू परत आला, आणि तो गावात सांगतो की ऑपरेशन करू नका, दोन वर्षंच टिकतं. पुढच्या दहा जणांचं ऑपरेशन तिथेच बुडतं.

मी आता शिबिराला जात नाही, शिकवायला जातो. बोकडाचे डोळे खाटकाकडून आणायचे, मायक्रोस्कोपखाली ठेवायचे आणि टनेल करायला लावायचं. आमच्याकडच्या पीजींनाही तसंच शिकवतो. त्याचा फोटो काही छान येत नाही.

---

सोलापुरी_चादर

मराठवाड्याच्या धाग्यावर सोलापूरकराची घुसखोरी, पण राहवलं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते आणि नागपूरचे डॉ. चोळकर असे दोघे. कोटणीस परतलेच नाहीत. भाषा शिकले, तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. वैद्यकीय मिशन म्हणायचं तर ते.

---

डॉ_मांजरा

आदर आहेच. पण प्रत्येक चर्चेत कोटणीस आणले की बाकीच्यांनी कान धरून उभं राहायचं एवढंच उरतं. ईएमआय आणि आईवडील असलेल्या माणसाने काय करायचं तेही सांगा. त्या पाचांपैकी परत आलेले काय वाया गेले?

---

सोलापुरी_चादर

तसं नाही म्हणालो डॉक्टरसाहेब. ते तिथल्या दवाखान्याच्या पटावर होते, पाहुणे नव्हते, एवढंच सांगायचं होतं. दोन आठवडे गेलात तरी त्या दोन आठवड्यांत तिथल्या माणसाच्या हाताखाली राहता येतंच की. सिस्टरांच्या सरांनी पहिल्या दिवशी उलटं केलं, त्याला असिस्टंट केलं.

---

गोदाकाठचा_केमिस्ट

नांदेडला मेडिकल आहे माझं. दरवर्षी कोणी ना कोणी येतं, "शिबिराला औषधं द्या, बाहेरदेशी पाठवायचीत." आणि हळूच म्हणतं, "जवळच्या तारखेची चालतील." म्हणजे माझ्या फडताळातल्या कचऱ्याचं पुण्य करून द्या.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ मध्येच छापलेत. पोचताना निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, त्या देशाच्या यादीतलं औषध हवं, लेबल तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत हवं, आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याने मागितलेलं हवं. डॉक्टरांकडची सॅम्पलं तर अजिबात नाहीत. एका पाकिटात चार गोळ्या, त्याही दहा ब्रँडच्या. तिथल्या फार्मासिस्टने त्या लावायच्या कुठे? मुदत संपलेलं औषध जाळायलाही खर्च येतो, तो त्याच गरीब दवाखान्यावर.

सिस्टर, ऑपरेशननंतरचे ड्रॉप किती दिवसांचे दिले होते?

---

थिएटर_सिस्टर (लातूर)

@गोदाकाठचा_केमिस्ट, बरोबर जागी बोट ठेवलंत. लिहून दिले सहा आठवड्यांचे, हातात दिली एक बाटली. उरलेल्या त्या ऑफिसरने त्याच्या कपाटातून पुरवल्या असणार, म्हणजे त्याच्या पुढच्या पेशंटांच्या.

@बालाघाटी, आता तुमचं. तुमचा राग खोटा नाही. पण "इथे गरज आहे म्हणून तिथे जाऊ नका" हे मला पटत नाही, कारण तिथे न गेलेला माणूस इथे फडावर जातो असं कुठे दिसतं? पाटोद्याला जायला त्याला मलावी आडवी येत नव्हती. मी स्वतः निवृत्तीनंतर दोन्हीकडे जाते, आणि कोपीवर जाणं जास्त जड आहे हे कबूल. कारण तिथल्या बाईला माझी भाषा कळते आणि ती मला प्रश्न विचारते. मलावीत मी नुसती हसत होते आणि लोकांना मी देवी वाटत होते.

आणि तुमच्या शेजारचंच उदाहरण देते. आष्टी-पाटोद्याहून जामखेड किती लांब? तिथे आरोळे डॉक्टर नवरा-बायकोने १९७० ला काम सुरू केलं, अक्षर न ओळखणाऱ्या बायांना आरोग्यसेविका केलं. आज देशोदेशीचे लोक तिथे शिकायला येतात, आणि शिकवणाऱ्यांत त्या गावच्या बाया असतात. म्हणजे मराठवाड्याच्या वेशीवरूनच जगाला द्यायची गोष्ट निघालीय, आणि आपण मात्र बाहेर जाताना ब्लेझर घालून शिबीर घेऊन जातो.

---

बालाघाटी

जामखेड नगरमध्ये येतं, आमच्यात ढकलू नका 😀 बाकी मुद्दा मान्य. "पाटोद्याला जायला मलावी आडवी येत नव्हती" हे लागलं. पुढच्या हंगामाआधी आमच्याकडे तपासणी ठेवायची म्हणतोय, सांधे आणि रक्त कमी असलेल्या बायांची. येणार का?

---

थिएटर_सिस्टर (लातूर)

येते. पण तपासणीत जे सापडेल त्याचे उपचार कुठे, कोण करणार आणि दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्याला गेल्यावर गोळ्या कोण देणार हे आधी ठरवा. मग तारीख सांगा.

---

आशाताई_कळंब

मी आशा आहे. एक विचारायचं होतं, त्या ऑफिसरला गावोगावचे पेशंट कोण दाखवून देत होतं? एकटा माणूस एवढी वही भरूच शकत नाही.

---

थिएटर_सिस्टर (लातूर)

ताई, हा प्रश्न आमच्या पथकातल्या एकाने पण विचारला नाही! तिकडे गावपातळीवर हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतात, एचएसए म्हणतात. तुमच्यासारखंच काम. लसीकरण, पाणी, बाळं, सगळं. तेच सायकलवरून फिरून पेशंटची नावं आणतात. मलावीने २०२२ मध्ये खुपऱ्यांमुळे (ट्रॅकोमामुळे) येणारं अंधत्व सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवलं, जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. ते काम शिबिरांनी झालं नाही. गावोगाव अँटिबायोटिक वाटणं, तोंड धुण्याची सवय, संडास, उलट्या वळलेल्या पापण्यांची छोटी ऑपरेशनं, हे वर्षानुवर्षं चाललं, आणि ते करणारी माणसं गावातलीच.

फरक एकच. त्या एचएसएंना सरकारी पगार आहे.

---

आशाताई_कळंब

म्हणजे मलावीकडून शिकायचं काय ते कळलं. आम्हाला कामागणिक मोबदला, आणि मोतीबिंदूचा पेशंट नेला तर त्याची नोंद करायला तीन फॉर्म. 🙏

---

बायोमेड_जालना

थोडं कोरडं पण कामाचं. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो मी. गरीब देशांतल्या वैद्यकीय यंत्रांपैकी सुमारे ४० टक्के बंद पडलेली असतात, असं २०११ च्या एका अभ्यासात निघालं होतं. बहुतेक वेळा यंत्र मेलेलं नसतं, एक फ्यूज, एक नळी, एक बल्ब गेलेला असतो. आपल्याकडेही कोविडमध्ये आलेले व्हेंटिलेटर काही ठिकाणी खोक्यातच राहिले, त्यामुळे हसायचं काही कारण नाही.

जाणाऱ्यांसाठी: मलावीत व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. आपला प्लग बसत नाही. लोक अडॅप्टर मोबाइलपुरता नेतात आणि जड यंत्र त्यावर लावून जाळतात. चांगल्या प्रतीचा नेऊन प्लगच बदलून टाका. जमलं तर पथकात एका भूलतज्ज्ञाच्या जागी नाही, पण एका भाषण करणाऱ्याच्या जागी टेक्निशियन न्या. दोन दिवसांत तो तिथली निम्मी यंत्रं चालू करून देईल.

सिस्टर, त्या मायक्रोस्कोपचा बल्ब कोणता? मॉडेल माहीत असेल तर टाका.

---

थिएटर_सिस्टर (लातूर)

मॉडेल नाही आठवत, पण ऑफिसरने बल्बचा फोटो पाठवलाय. हॅलोजन, १२ व्होल्ट १०० वॅट, दोन पिनांचा. काचेला बोट लावायचं नाही, एवढं मला माहितीय.

---

बायोमेड_जालना

मग काहीच अवघड नाही. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात मिळतो, नाही मिळाला तर मुंबईहून मागवतो. फक्त पिनांमधलं अंतर दोन प्रकारचं येतं, त्याला पट्टी शेजारी ठेवून पुन्हा फोटो काढायला सांगा. आणि होल्डर काळा पडलाय का तेही विचारा. होल्डर जळालेला असेल तर नवा बल्ब आठवड्यात जाईल.

---

इंटर्न_घाटी

वर्गणी काढतो आमच्या बॅचमधून. किती पाठवायचे एकदम?

---

थिएटर_सिस्टर (लातूर)

त्यालाच विचारते. तो सांगेल तेवढे.